ताईंची हरळी आणि दोन मशिनं

“माया ठेवा. कापायचं काय, ते उद्याही कापता येतं.”

ताई हे येताजाता म्हणायच्या. शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की शिवण उसवायची आणि तेवढं कापड बाहेर सोडायचं. ताईंच्या कपड्यांत ही माया इतकी सढळ असायची, की एकाच झग्यात एक बाई लग्नाआधी मावली, लग्नानंतर मावली आणि दोन बाळंतपणं झाल्यावरही मावली. तिचा नवरा मात्र दर वर्षी नवा पट्टा घेत होता.

आणि ही माया कापडापुरतीच नव्हती. ताई भाजी चिरायला बसल्या की देठ लांब ठेवायच्या. केस कापायला गेल्या, तर कापणारीचा हात मधेच धरायच्या आणि म्हणायच्या, राहू दे, उद्या बघू. पेन्सिलीला टोक करताना त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कात्री हातात धरून ज्यांनी उभा जन्म काढला, त्या बाईला कापण्याची एवढी धास्ती असावी, ही गंमतच होती. पण त्यांचं म्हणणं असं, की कात्री कुठं थांबवायची हे कळतं त्यालाच कापायचा हक्क.

लग्न त्यांनी केलं नाही. दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे वेळेवर देता देता स्वतःच्या लग्नाला सवड झाली नाही, असं त्या सांगायच्या आणि सांगताना दोरा दातानं तोडायच्या. आईवडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले. डावीकडच्या खोल्यांत ताई आणि त्यांचं शिलाई मशीन. उजवीकडच्या खोल्यांत धाकटी बहीण आणि तिचा नवरा. हे गृहस्थ आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झाले होते. ताई त्यांना जावईबापू म्हणायच्या. नुसतं जावईबापू म्हटलं तर त्यात मान असतो. ताई म्हणायच्या तेव्हा त्याच्या आधी ‘घर’ हा शब्द न उच्चारताही ऐकू यायचा.

घर आणि फाटक यांच्या मधे हिरवळ होती, हरळीची. हरळी हे उन्हाचं गवत. थंडीत ते झोपतं, पेंढ्यासारखं पिवळं पडतं, आणि ऊन तापायला लागलं की जमिनीला बिलगून चारी बाजूंनी धावत सुटतं. पेरापेराला मुळं धरतं. त्याला उपटलं तर ते रागावतं आणि दुप्पट येतं. स्वभावानं ते ताईंच्या जवळचंच होतं.

या हिरवळीवर ताईंचं अर्धं दुकान चालायचं. झगा शिवून झाला, खालची पट्टी तेवढी दुमडायची राहिली, की त्या गिऱ्हाइकिणीला झगा घालून हिरवळीवर नेत. म्हणत, आता चाला. बाई फाटकापर्यंत जायची, परत यायची. आणि ताई तिथंच पोटावर आडव्या होऊन, एक गाल गवताला टेकवून, एक डोळा मिटून झग्याची कड बघत राहायच्या. कड कुठं उचलली जाते, कुठं लोळते, चालताना कुठं पायात येते, सगळं त्यांना जमिनीच्या पातळीवरून दिसायचं. खोलीत आरशासमोर बाई श्वास रोखून उभी राहते, त्या म्हणायच्या. ती काय खरी बाई नव्हे. चालती बाई खरी. मग त्या कोपरांवर सरपटत जाऊन खडूची खूण करत. रस्त्यावरून जाणारे नवखे लोक थबकत, म्हातारी पडली की काय म्हणून. जुने लोक हात हलवून पुढं जात.

ताईंच्या झग्याची कड पाण्याच्या रेषेसारखी सरळ असते, हा लौकिक या पडण्यातून आला होता. गावात शिवणाऱ्या आणखीही होत्या. गालावर गवताचे वण घेऊन हिंडणाऱ्या ताई एकट्याच.

जावईबापूंकडे गवत कापायचं मशीन होतं. पेट्रोलवर चालणारं, लाल, चार चाकांचं. त्याच्या पोटात एकच आडवं पातं पंख्यासारखं गरगरायचं आणि गवत झोडपून काढायचं. बस गेली तेव्हा जावईबापूंनी ही एवढी गाडी जवळ केली होती. तिचं तेल ते वेळेवर बदलत, चाकांतला चिखल जुन्या दातांच्या ब्रशनं काढत. मशीन सुरू झालं की शेजारची कुत्री अंगण बदलायची.

ते मशीन चालवत आणि ताई बाजूला टेप घेऊन उभ्या राहत. चाकं वर करा, जावईबापू. आणखी वर. अहो, गवत आहे ते, वैरी नाही. जावईबापू निमूटपणे चाकांचा खटका वर सरकवत. कापून झालं की ताई चार पाती तोडून डोळ्यांजवळ नेत, त्यांची फाटलेली पांढुरकी टोकं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत आणि म्हणत, बघा, उंदरानं कुरतडलंय. हे त्या किराणा दुकानात म्हणाल्या, टपाल आणणाऱ्याला म्हणाल्या, एकदा तर जावईबापूंच्या बसवरच्या जुन्या सहकाऱ्यासमोरही म्हणाल्या. ते जावईबापूंना फार लागलं.

आणि हिरवळ तर वर्षागणिक बिघडतच चालली होती. वरून गुबगुबीत, गादीसारखी. जरा कुठं मशीन खाली गेलं, की तिथं पिवळा पेंढा उघडा पडायचा आणि हिरवळ खरूज झाल्यासारखी दिसायची. ताई म्हणत, मशीन वाईट. जावईबापू म्हणत, गवतच वाईट. एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, की या गवताची कटकट आता पुरे, तिथं फरशी घालायची. फरशीवाल्याशी बोलून झालंय. तो सध्या बेकरीच्या मागच्या खोलीत फरशी बसवतोय, ते काम उरकलं की इथं येईल.

फरशीवर ताई एकदाच आडव्या झाल्या होत्या, घरातल्या घरात. उठवायला धाकटी आणि पलीकडची शेजारीण अशा दोघी लागल्या आणि ताईंची कंबर पुढचा आठवडाभर बोलत होती. हिरवळ गेली की गाल टेकायची जागा गेली. मग त्यांची कड आणि चार जणींची कड, सारखीच.

धाकटी दोघांच्या मधे बसलेली. तिचा जन्मच मधे बसण्यात गेला होता. तिनं निवाडा दिला, की फरशीवाला येईल त्या दिवशी हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी दिसली तर फरशी नाही. एकही पिवळा डाग दिसला तर फरशी. आणि मग दोघांपैकी कुणीही माझं डोकं खायचं नाही.

ताई त्याच दुपारी मशिनांच्या दुकानात गेल्या.

दुकानदार उत्साही होता. आधी त्यानं बसून चालवायचं मशीन दाखवलं. ताईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, की आमच्या हिरवळीवर हे वळवायचं म्हणजे धाकटीच्या स्वयंपाकघरातून न्यावं लागेल, ते चालेल का. मग त्यानं विजेचं दाखवलं. मागं लांबलचक वायर. ताई म्हणाल्या, दोरा पायात येऊ नये म्हणून मी जन्मभर जपलं, आता म्हातारपणी वायरीत अडकू काय. मग पेट्रोलचं आलं, जावईबापूंच्या मशीनचं धाकटं भावंड. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

कोपऱ्यात एक हातानं ढकलायचं मशीन धूळ खात उभं होतं. इंजिन नाही, वायर नाही. दोन चाकं, त्यांच्यामधे लाटण्यासारखा आडवा रूळ, आणि त्या रुळाला पिळदार बसवलेली पाती. खाली एक स्थिर पातं. ढकललं की वरची पाती फिरत येऊन खालच्या पात्याला घासून जायची. ताई थांबल्या. दोन पाती एकमेकींना भेटतात ती कात्री, एवढं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी पिशवीतून अस्तराच्या सुळसुळीत कापडाची चिंधी काढली. बोथट कात्री कशावर कळत नाही ती अस्तरावर कळते. ते कापत नाही, चघळलं जातं. चिंधी पात्यांत धरून त्यांनी रूळ हातानं हलकेच फिरवला. चिंधीचे दोन तुकडे झाले, कडेला एक धागा सुटला नाही. पेट्रोलच्या मशीनखालीही चिंधी धरून बघते, असं त्या म्हणाल्या तेव्हा दुकानदारानं अक्षरशः हात जोडले.

“हरळीला हेच बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण आजी, गवत आधी बुटकं लागतं हं याला. उंच गवतावर—”

“तुम्ही विका,” ताई म्हणाल्या. “कापायचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्या मशीन घेऊन हिरवळीवर उतरल्या. जावईबापू खिडकीत खुर्ची ओढून बसले होते. ताईंनी कमरेला रुमाल आवळला, मूठ धरली आणि ढकललं. मशीन गादीवर चढलं, गवत पुढं वाकलं, मशीन त्याच्यावरून गेलं आणि गवत मागून पुन्हा उठून उभं राहिलं. जणू कुणी केसांतून कंगवा फिरवला. ताईंनी वळून दुसरी फेरी मारली. हिरवळीचा भांग उलट्या बाजूला पडला. तिसऱ्या फेरीला मशीन मधेच रुतून बसलं.

खिडकीतून आवाज आला.

“ताई, वेणीपण घालणार का?”

मशीन उचलून ताई घरात गेल्या आणि दार असं लावलं, की जावईबापूंच्या कपातल्या चहावर तरंग उठला.

पुढचे काही दिवस फरशीवाल्याचं बेकरीतलं काम सरकत राहिलं आणि ताईंचं तोंड उतरत राहिलं. अशात शाळेच्या मुख्याध्यापिका झगा घालून बघायला आल्या. अंगानं भक्कम, चालीत दरारा. बक्षीस समारंभाचा झगा होता. ताईंनी नेहमीप्रमाणे त्यांना हिरवळीवर चालायला लावलं, खुणा केल्या, पट्टी दुमडली, शिवली. आणि घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्यावर मुख्याध्यापिकांना दिसलं, की झगा डावीकडून घोट्याच्या वर आणि उजवीकडून घोट्याच्या खाली आहे. त्या तशाच परत आल्या, अंगात झगा, वर कोट. “ताई,” त्या म्हणाल्या, “मी कलते आहे का?”

ताईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. चूक बाईंच्या पायात की आपल्या डोळ्यात? त्यांनी बाईंना पुन्हा हिरवळीवर उभं केलं आणि पुन्हा गाल टेकला. या वेळी कड बघायच्या आधी पाय बघितले. आणि बघतात तो काय, बाईंचा डावा बूट गवतात पार बुडालेला, उजवा वरच तरंगतोय. गादीवर उभं राहिल्यासारखं. डाव्या बाजूची कड गवताला टेकत होती, म्हणून त्यांनीच ती वर घेतली होती. कलत होती ती हिरवळ.

ताई तशाच पडून राहिल्या. बाई ताटकळल्या, पण ताईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मुख्याध्यापिका असूनही त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. ताईंनी दोन बोटांनी गवत फाकवलं, केसांत कोंडा बघावा तसं. वर बोटभर हिरवं. त्याच्या खाली सगळ्या नुसत्या काड्या, उघड्या, भुऱ्या, ऊन न लागलेल्या. हिरवा होता तो फक्त वरचा पापुद्रा. ज्या गवताला जमिनीलगत धावायचं होतं, त्याला वर्षानुवर्षं उंच ठेवलं, तर ते हिरवं वर घेऊन गेलं आणि खाली पेंढा साठवत बसलं. मग पातं जरा खाली गेलं, की पेंढाच दिसणार. ते पातं जावईबापूंचं असो नाहीतर कुणाचं.

चाकं वर करा, आणखी वर, असं टेप घेऊन कोण म्हणत होतं, हे ताईंना आठवलं. त्या उठल्या आणि बाईंच्या झग्याची पट्टी उसवायला बसल्या.

इलाज आता स्पष्ट होता. हरळीला एकदा खालपर्यंत उतरवायचं, पेंढा सगळा काढून टाकायचा, ऊन आणि पाणी द्यायचं. ती उन्हाची पोर; खालून नवी फुटेल. मग हातमशीनची कात्री एक दिवसाआड फिरवायची, बुटकीच ठेवायची. पण खालपर्यंत उतरवायला कात्री चालत नव्हती. तिथं झोडपणारंच मशीन हवं होतं. ज्याला सगळ्या गावात उंदीर म्हणून झालं होतं, ते.

मागायचं कसं? ताईंनी जन्मात जावईबापूंकडे काही मागितलं नव्हतं. मिठाची वाटीसुद्धा त्या धाकटीच्या नावानं न्यायच्या. म्हणून त्यांनी मागितलंच नाही. त्या संध्याकाळी खांदे पाडून उजवीकडच्या खोल्यांत गेल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही जिंकलात. घाला फरशी. फक्त एक मनात येतं, एवढ्या दाट गवतात फरशीवाला खणणार कसा? बिचाऱ्याचं फावडं चालायचं नाही. कुणी हे जमिनीपर्यंत भादरून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण एवढं खाली कापायचं म्हणजे तुमच्या मशीनला ते झेपायचं नाही. जुनं झालंय आता.

धाकटी भांडी पुसत होती. तिनं बहिणीकडे एकदा बघितलं आणि तीच ताटली पुन्हा पुसायला घेतली.

सकाळी चहा व्हायच्या आत लाल मशीन हिरवळीवर होतं. झेपत नाही म्हणजे काय! जावईबापूंनी खटका एक घर खाली घेतला आणि सगळी हिरवळ कापली. ताई दारात उभ्या राहून नुसत्या “अरेरे” म्हणाल्या. मग आणखी एक घर खाली. मशीन धापा टाकायला लागलं, पण जावईबापूंनी त्याला घाटातल्या बससारखं दामटलं. शेवटी खटका तळाला. धूळ, पेंढा, आवाज. शेजारची कुत्री पार कोपऱ्यावर गेली. पेंढ्याचे ढीगच्या ढीग निघाले, आणि ते दंताळ्यानं ओढून फाटकाबाहेर टाकायचं कामही त्यांनीच केलं, कारण ताई म्हणाल्या होत्या, की तुमच्यानं नाही होणार ते एवढं.

संध्याकाळी हिरवळ म्हणजे नुसती तपकिरी जमीन होती, भादरलेल्या डोक्यासारखी. जावईबापू समाधानानं झोपले. पहाटे ताईंनी नळी सोडली.

आता एकच धोका होता. फरशीवाला दोन दिवसांत आला असता, तर त्याला टोकापासून टोकापर्यंत पिवळंच दिसलं असतं आणि सगळी मसलत ताईंच्याच अंगावर आली असती. नेमकी त्याच दिवशी बेकरीवाली पोशाखाचं माप द्यायला आली. ताईंनी माप घेता घेता नव्या फरशीची चौकशी केली आणि म्हणाल्या, मी येऊन एकदा बघते, मला फरशी बघायला आवडते. त्या गेल्या. भट्टीपाशी कसरत करत, बेकरीवालीच्या खांद्याला धरून गुडघ्यावर आल्या, मग आडव्या, आणि गाल फरशीला. फरशीवाला हातातली थापी धरून बघतच राहिला.

भट्टीच्या कोपऱ्यात फरशी खरंच उतरती होती. ताईंनी खोटं सांगितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. तिथं पाणी साचेल, एवढंच त्या म्हणाल्या. बेकरीवालीनं बादलीभर पाणी ओतलं. ते शिस्तीत कोपऱ्यात जाऊन बसलं. कोपरा उखडावा लागला, कोपऱ्याबरोबर शेजारची ओळ, आणि त्या ओळीबरोबर फरशीवाल्याचा सगळा महिना. ताईंना उठवायला या वेळी तिघं लागली, त्यातला एक फरशीवालाच होता.

इकडे ऊन तापत होतं. आधी जमिनीवर हिरवी धूळ उडाल्यासारखं दिसलं. मग पेरापेरातून टोकं निघाली, टाचणीच्या डोक्याएवढी. मग ती धावायला लागली. जावईबापूंना वाटलं, फुटतंय तर फुटू दे, खणताना जाईलच. बोटाच्या पेराएवढं झालं तेव्हा ताईंनी हातमशीन बाहेर काढलं. या वेळी कंगवा नव्हता. टिक टिक टिक करत पाती फिरली आणि पुढं गवताचा हिरवा भुगा उडाला. त्या एक दिवसाआड ढकलत राहिल्या, आज उभं, परवा आडवं. जावईबापूंची खुर्ची खिडकीतच होती, पण आता ते विनोद करत नव्हते. त्यांच्या ध्यानात काहीतरी यायला लागलं होतं, आणि येऊ नये म्हणून ते वर्तमानपत्र वाचत होते.

फरशीवाला आला तो बादली, दोरी आणि ताईंबद्दलचा राग घेऊन. फाटक उघडलं आणि थांबला. हिरवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बुटकी, दाट, एका रंगाची. त्यानं बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी काढले, आणि अनवाणी मधोमध जाऊन उभा राहिला.

जावईबापू बाहेर आले. हातात फरशीचा नमुना होता.

“ताई, हे मीच कापलं ना?”

“तुम्हीच.”

“तळापर्यंत.”

“तळापर्यंत. माझ्या मशीनला ते जन्मात जमलं नसतं.”

रागवावं की छाती फुगवावी, हे त्यांना ठरवता येईना. खिडकीत धाकटी ओठ दाबून उभी होती. जावईबापूंनी नमुना खाली ठेवला आणि मग जे खरं सलत होतं ते बाहेर आलं.

“मग एवढी वर्षं माझं मशीन कुरतडतं म्हणून गावभर सांगत होता, त्याचं काय?”

ताईंनी मशीनची मूठ धरली होती. त्यांनी ती सोडली, पुन्हा धरली.

“कुरतडतं ते अजूनही,” त्या म्हणाल्या. “पण चाकं वर ठेवायला मी लावत होते. चूक ती होती, आणि ती माझी. किराणावाल्याला सांगते उद्या. दर वर्षी ऊन तापायला लागलं की आधी तुमचं मशीन, तळापर्यंत. मग माझं.”

एवढं बोलून त्यांनी मशीन वळवलं आणि त्या चालायला लागल्या. पाठ जरा वाकलेली, पुढं टिक टिक करणारी पाती, मागं दोन चाकांच्या मधे एक फिकट हिरवा पट्टा. परसातल्या पत्र्याच्या खोलीकडे वळताना त्यांनी मागं पाहिलं नाही. हिरवळीच्या मधे दोघं उभे होते, बूट हातात धरलेला फरशीवाला आणि त्याच्या शेजारी जावईबापू, आणि ताई दिसेनाशा होईपर्यंत दोघेही बघत राहिले. मग जावईबापूंनीही चपला काढल्या.